नेफ्यातली लारी

अलिबागेत हिरामण पोतदाराच्या आधी त्याची मिशी पोचायची. कोपऱ्यावरून वळताना पहिल्यांदा ती दिसायची, मग नाक, आणि बऱ्याच वेळानं बाकीचा शिरस्तेदार. कचेरीतून निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी जुने फिर्यादी अजून तिलाच नमस्कार घालत. तिला रोज खोबरेल लागे, सणावाराला मेण लागे, आणि थंडीत तिला फडकं बांधून निजवावं लागे. अशी मिशी माणसानं पैजेवर लावू नये. हिरामणनं लावली.

झालं असं की हिरामणला जुन्या नाण्यांचा नाद होता, आणि त्याच आळीत राहणाऱ्या अनंतराव थळकरालाही तोच नाद होता. एका आळीत नाण्यांचे दोन शौकीन म्हणजे एका देवळात दोन गुरव. दोघांच्या पेट्या भरलेल्या, दोघांनाही एकमेकांची निम्मी नाणी खोटी वाटत. पण लारी दोघांपैकी कुणाकडेच नव्हती. लारी म्हणजे आदिलशाहीच्या काळात या किनाऱ्यावर चालणारं चांदीचं नाणं. गोल नाही, चौकोनी नाही. चांदीची जाड तार मधोमध दुमडायची, दोन्ही पायांवर फारसी अक्षरांचा ठसा मारायचा, झालं नाणं. बघणाऱ्याला चिमटा वाटावा.

गेल्या शिमग्यात हिरामणनं रेवदंड्याच्या बाजारातून एक लारी पैदा केली आणि गाजावाजा करून अनंतरावाच्या ओट्यावर नेली. अनंतरावानं भिंग लावलं, बघितलं, आणि घरात तोंड करून हाक मारली, "सासूबाई, तुमचा हरवलेला आकडा सापडला हो!" सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी ती लारी उचलली, जागच्या जागी अंबाड्यात खोवली आणि आत गेल्या. अलिबाग महिनाभर हसत होतं. समुद्राला भरती यायची तीसुद्धा हसत यायची, असं लोक सांगतात.

"दिवाळीच्या आत खरी लारी आणून या ओट्यावर ठेवली नाही, तर ही मिशी उतरवीन!" हिरामण गरजला.

"अक्षरं वाचता आली पाहिजेत बरं का," अनंतराव शांतपणे म्हणाला. त्याच्या गालांना त्या वेळी साबण फासलेला होता. "गुळगुळीत तार आणाल आणि म्हणाल ही लारी, तर ते चालायचं नाही. काय रे सदू, ऐकलंस ना?"

सदू न्हाव्यानं वस्तरा चामड्यावर घासत मिशीकडे असं बघितलं, जसं खाटीक बोकडाकडे बघतो. "ऐकलं," तो म्हणाला.

पावसाळा संपला, दिवाळी उंबरठ्याशी आली, आणि लारी कुठं मिळेना. हिरामण रात्री झोपेत मिशी चाचपायला लागला. अशात दिवेआगरहून सुपारी घेऊन आलेला नजमुद्दीन त्याला बाजारात भेटला. नजमुद्दीनचा चुलता अब्दुस्समद नाखवा; मस्कत, एडन, झांजीबार अशी सगळी बंदरं पालथी घातलेला माणूस. तो वारला तेव्हा बंदराबंदरातली नाणी भरलेला एक डबा मागं ठेवून गेला होता.

"चाचीच्या ताब्यात हाय डबा," नजमुद्दीन म्हणाला. "त्यात काय हाय ते आम्हाला कुणाला कळत न्हाय. शुक्रवारी माझा निकाह हाय, त्याला या. बिर्याणी खा, नाणी बघा."

"मी बिर्याणी खात नाही," हिरामण म्हणाला.

"मग नाणीच बघा."

शुक्रवारी सकाळी हिरामण दिघी बंदरात मचव्यातून उतरला आणि बैलांच्या दमणीत बसून दिवेआगरात पोचला. पोफळींच्या बागेतल्या त्या घरात लग्नाचा गोंधळ नुसता उतू जात होता. ओटीवर नजमुद्दीनची चाची, अब्दुस्समदची विधवा हुस्नबानू, मांडी ठोकून बसली होती आणि तिच्यापुढं इजारींचा ढीग पडला होता. पांढऱ्या, निळ्या, चट्ट्यापट्ट्याच्या, पोरांच्या, थोरांच्या. मोहल्ल्याची रीतच होती: लग्न निघालं की सगळ्या वऱ्हाडाच्या इजारी धुवायला पडायच्या, धुताना नाड्या काढायच्या, आणि वाळल्यावर सगळ्या नेफ्यांत नाड्या ओवायचं काम हुस्नबानूकडे. तिचा हात झपाट्याचा. एका चिमट्यासारख्या तारेला नाडी बांधायची, तार नेफ्याच्या भोकातून आत सारायची, आणि बोलता बोलता कमरेचा फेरा पुरा करून दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची.

"या पोतदारभाऊ. घर लग्नाचं हाय, बसायला जागा न्हाय. त्या इजारी सरकवा नि बसा." तिनं डबा पुढं ढकलला. "बघा आमच्या खाविंदांची इस्टेट. आमच्यापेक्षा यांच्यावर त्यांचा जीव जास्त."

हिरामणनं चांदीच्या काड्यांचा चष्मा चढवला, त्यावर भिंग धरलं आणि पहिलं नाणं उचललं. नाणी पारखायची त्याची स्वतःची प्रतवारी होती आणि ती तो स्वतःशीच पुटपुटत असे. पहिला रुपया उलटासुलटा करून तो म्हणाला, "लेकुरवाळी." दुसरा उजेडात धरून म्हणाला, "सासू."

हुस्नबानूचा हात थांबला. "कुणाला म्हणता सासू?"

"नाण्याला, नाण्याला!" हिरामण गडबडला. "माझी पद्धत आहे ती. टाकसाळीतून आलं तसंच कोरं राहिलेलं नाणं म्हणजे नवरी. थोडं हाताळलेलं, पण अजून तेज आहे, ती लेकुरवाळी. झिजलं, पण अक्षरं अजून बोटाला टोचतात, ती सासू."

"आणि पार झिजलेलं?"

"आजी. वाचता काही येत नाही, पण टाकवतही नाही."

"म्हंजे मी कशात बसते?"

हिरामणनं तिच्याकडे बघितलं, मग नाण्यांकडे बघितलं, आणि कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस जे करतो तेच केलं: खोकला. हुस्नबानू खदखदून हसली आणि पुन्हा नाडी ओवायला लागली.

नाण्यांमागून नाणी निघाली. दर्यापारची, अरबी अक्षरांची, मधे भोक पाडलेली. एका जाडजूड गोऱ्या राणीचे तर चार रियाल निघाले. हिरामण त्यातल्या एका राणीच्या छातीवर भिंग रोखून बराच वेळ बसला.

"काय बघताय तिथं?" हुस्नबानूनं विचारलं.

"तिथला दागिना बघतोय. खोट्या नाण्यावर तो नीट उठत नाही."

"आमचे खाविंदपण तेच सांगायचे," ती म्हणाली. "दागिना बघतोय म्हणायचे."

दुपार चढत आली तसा डब्याचा तळ दिसायला लागला, आणि हिरामणचं तोंड उतरत गेलं. नवऱ्या दोन, लेकुरवाळ्या बऱ्याच, सासवा ढिगानं. लारी एकसुद्धा नाही. सदूचा वस्तरा त्याच्या कानाशी घासायला लागला. त्यानं डबा पालथा घालून ठोकला. आतून एक झुरळ पडलं.

इतक्यात लुंगी सावरत नजमुद्दीन बाहेर आला. अंगात शेरवानी, डोक्याला सेहऱ्याची तयारी, आणि खाली नुसती लुंगी. "चाची, माझी इजार! बँडवाले आले, काझी तिकडं मांडवात येऊन बसलाय, आणि मी असा उभा!"

"हे काय, तुझीच ओवतेय. अर्धी झाली."

नवरदेवाची इजार रेशमी होती, मुंबईहून शिवून आणलेली, आणि तिचा घेर एवढा की दोन नवरदेव आत राहिले असते. हुस्नबानू तार पुढं सरकवत होती. नेफ्याच्या मधे एके ठिकाणी शिवण जरा उसवली होती. त्या फटीतून तारेचं टोक क्षणभर बाहेर आलं, चमकलं, आणि पुन्हा आत गेलं. त्या क्षणभरात हिरामणला त्या टोकावर एक ठसा दिसला. फारसी अलिफ अक्षराचा उभा दांडा, आणि त्याच्या शेजारी अर्धं दाल.

"थांबा!" तो असा ओरडला की बाहेर बँडवाल्याचा ढोल आपोआप एकदा वाजला.

हुस्नबानू दचकली. नाडीची गाठ सुटली, नाडी तिच्या हातात आली, आणि तार नेफ्यात राहिली.

"अल्ला! काय झालं?"

"ती... ती लारी आहे! नाणं आहे ते! आदिलशाही नाणं!"

"हे? ही तर माझी नाडी ओवायची तार."

"कुठून आली ती तुमच्याकडे?"

"याच डब्यातली की. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यांच्या इजारीची नाडी निघून आली, बंदरावर जायची घाई, हाताला काय मिळंना म्हणून डब्यातनं हे काढलं. तवापासून सगळा मोहल्ला याच्यावर कंबर बांधतो. यांनी पण कधी मागितली न्हाय. नाड्या सुटल्या असत्या ना!"

हिरामणनं झडप घालून इजार धरली. "कात्री आणा."

"निकाहाच्या इजारीला कात्री? तोबा, तोबा!" हुस्नबानूनं इजार ओढली. "बोटानं ढकलत ढकलत काढते. पण येळ लागंल."

"येळ न्हाय, चाची!" नजमुद्दीननं इजार दोघांच्या हातून हिसकली. आत गेला, ती तशीच चढवली, वरून काथ्याच्या दोरीनं आवळली, शेरवानी खाली ओढली आणि वरातीत उभा राहिला. लारी नेफ्यात, नेफा शेरवानीत.

मग वरात निघाली. पुढं ढोल, मागं बँड, मधे नवरदेव, आणि नवरदेवाच्या मागं हातभर अंतरावर मिशीवाला एक गृहस्थ, नजर नवरदेवाच्या कमरेवर खिळलेली. नजमुद्दीन डावीकडे वळला की तो डावीकडे, उजवीकडे वळला की उजवीकडे. बघणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, नवाबाच्या दरबारातला हत्यारबंद पहारेकरी आहे. कुणी म्हणालं, नवऱ्यावर वॉरंट आहे, बजावायची वाट बघतोय. एका म्हाताऱ्यानं तर हिरामणलाच विचारलं, "काय ठेवलंय हो त्यानं कमरेला?"

"लारी," हिरामण म्हणाला.

म्हाताऱ्याला काही कळलं नाही, पण तो दोन पावलं मागं सरकला.

नवरीच्या मांडवात नजमुद्दीन गादीवर बसला, आणि बसता बसता काथ्याची दोरी वर सरकली, नेफ्यातली तार आडवी झाली आणि तिचे दोन्ही पाय त्याच्या पोटात रुतले. काझीनं विचारलं, "कबूल है?"

"अयायाया!" नजमुद्दीन म्हणाला.

नवरीचा बाप उभा राहिला. काझीनं चष्म्यावरून बघितलं. "याला होकार धरू की नकार?"

"कबूल, कबूल, कबूल!" नजमुद्दीन पोट धरून घाईघाईनं म्हणाला, आणि कुशीवर कलंडला.

"हलू नका!" मागून हिरामण ओरडला. "वाकेल ती!"

सगळा मांडव मागं वळला. "हे कोण?" काझीनं विचारलं.

बायकांच्या पडद्याआडून हुस्नबानूचा आवाज आला, "नाण्यांचे परीक्षक हायत ते, अलिबागचे. त्यांचं नाणं नवऱ्याच्या इजारीत अडकलंय."

यानंतर मांडवात जे हसणं उसळलं, त्यानं म्हणे शेजारच्या वाडीतली सुपारी वेळेआधी गळली. नवरीचा बापही हसता हसता खाली बसला, म्हणून निकाह पार पडला.

जेवणं उरकून वऱ्हाड नवरीला घेऊन घरी आल्यावर नजमुद्दीननं इजार काढून दिली आणि स्वतः लुंगी नेसून नव्या नवरीच्या मैत्रिणींची थट्टा सोसत बसला. हुस्नबानूनं बोटांनी चिमटत चिमटत तार भोकाशी आणली आणि बाहेर ओढली. हिरामण तिला उन्हात घेऊन गेला. भिंग लावलं. मिशी हलायची थांबली.

एका पायावर ठसा असा स्वच्छ होता की 'आदिल' एवढं सरळ वाचता यावं. जुन्या सनदा चाळून हिरामणला फारसीची तेवढी ओळख होती. त्यानं दुसरा पाय उलटवला. तो पाय बाळाच्या गालासारखा गुळगुळीत होता.

"हे काय?"

"नाडी त्याच पायाला बांधते ना मी," हुस्नबानू म्हणाली. "गाठ घासून घासून झाला असंल तसा. मग, काय म्हणता? नवरी की सासू?"

"एक पाय सासू," हिरामण खिन्नपणे म्हणाला, "एक पाय आजी."

"माझंपण तसंच हाय. डाव्या पायात जोर हाय, उजवा गेला."

पण लारी ती लारी. हिरामणनं शेल्याचा पदर पसरून ती मागितली, पैजेची सगळी हकीगत सांगितली, मिशी पुढं करून दाखवली. हुस्नबानूनं ऐकून घेतलं. पैसे तिला नको होते. "मिशी जाईल तुमची, कबूल. पण मोहल्ल्याच्या इजारी सुटतील, त्याचं काय? याच्याइतकं सरळ जाणारं दुसरं काय तरी द्या, आणि ही न्या. मी पारख करून घेईन. तुमच्याच पद्धतीनं."

तिनं एक इजार पुढ्यात घेतली, आणि आता परीक्षा हिरामणची सुरू झाली. त्यानं आधी धोतराला लावलेली सेफ्टी पिन काढून दिली. ती नेफ्यात अर्ध्यावर उघडली.

"ही सासू," हुस्नबानू म्हणाली. "बंद हाय तोवर गोड. आत शिरली की उघडते."

हिरामणनं बागेतून बांबूची कामटी तासून आणली. तिनं नेफाभर कुसळं सोडली.

"ही लेकुरवाळी. जाईल तिथं पिल्लं टाकते."

मग त्यानं खिशातली लेखणी दिली, सोनेरी टोपणाची, निवृत्तीच्या वेळी मिळालेली. ती नेफ्याच्या तोंडातच अडून बसली आणि शाईचा एक डाग टाकून परत आली.

"ही नवरी. मिरवायला बरी, कामाला न्हाय."

"आता आजी कुठली काढणार?" नजमुद्दीननं लांबून विचारलं.

हिरामणच्या डोक्यातून घाम निथळला. तो चष्म्यावर ओघळला. त्यानं चष्मा पुसायला काढला, आणि हुस्नबानूची नजर त्याच्या काडीवर थबकली. गुळगुळीत चांदीची, बारीक, शेवटाला कानामागं वळलेली, आणि बिजागरीला नाडी बांधण्याजोगं भोक.

"ते आणा बघू इकडं."

"हा माझा चष्मा आहे!"

"मिशीपण तुमचीच हाय."

हिरामणनं विचार केला तो फार थोडा. त्यानं नखानं बिजागरीचा खिळा काढला. हुस्नबानूनं काडीला नाडी बांधली आणि नेफ्यात सारली. कानामागं वळणारं टोक कमरेमागंही तसंच वळलं, चुण्याचुण्यांतून सुळकन गेलं, आणि पलीकडून बाहेर आलं, न टोचता, न अडखळता.

"ही कोण?" हिरामणनं विचारलं.

"ही सून," हुस्नबानू समाधानानं म्हणाली. "मुकाट जाते, मुकाट येते. तुमच्या प्रतवारीत ही न्हाय, म्हणून तुम्हाला खरी पारख न्हाय." आणि तिनं लारी त्याच्या हातावर ठेवली.

दिवाळी दारात असताना हिरामण अनंतरावाच्या ओट्यावर चढला. चष्मा एका कानावर दोऱ्यानं बांधलेला, पण मिशीला ताजं मेण. त्यानं लारी खाली ठेवली. आळीतले लोक जमले. सासूबाईसुद्धा आपला अंबाडा चाचपून बाहेर आल्या. आकडा जागेवर होता.

अनंतरावानं भिंग लावलं. पहिला पाय वाचला आणि त्याचा चेहरा पडला. दुसरा पाय बघितला आणि चेहरा पुन्हा जागेवर आला.

"लारी आहे," तो म्हणाला. "मान्य. पण निम्मीच. या पायावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा पाहू."

"पैज लारीची होती!"

"अक्षरांची होती. सदू?"

"अक्षरांची," सदू म्हणाला. पेटी त्यानं आधीच उघडली होती.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. हिरामण म्हणे एक पाय वाचता आला म्हणजे लारी वाचता आली. अनंतराव म्हणे मग एका पायानं चालत घरी जा. शेवटी आळीनं निवाडा दिला: निम्मी लारी जिंकली, निम्मी हरली, तेव्हा निम्मी मिशी राहील, निम्मी जाईल. मग कोणती निम्मी, यावर नवा वाद. अक्षरं असलेला सासूचा पाय उजवा म्हणावा, तर लारी उलटी धरली की तो डावा. सदूचा साबण दोनदा वाळला. अखेर त्यालाच कंटाळा आला. त्यानं हिरामणचं नाक चिमटीत धरलं, आणि जी बाजू हाताला जवळ होती ती उतरवली.

"आता दुसरीपण घेतो," तो म्हणाला. "माणसात तरी दिसाल."

"हात लावशील तर बघ!" हिरामण उठून उभा राहिला. "ही मी जिंकलीय. हिला मी मेण लावणार, हिला मी फडकं बांधणार, आणि हिला घेऊन गावातून जाणार!" त्यानं लारी कनवटीला लावली आणि जिंकलेला गाल पुढं करून ओट्यावरून उतरला.

तो बाजारपेठेत शिरला तेव्हा उजव्या हाताची दुकानं आदरानं बघत राहिली. हिरामण मान ताठ करून चार पावलं गेला, आणि डाव्या हाताच्या दुकानांतून पहिलं फिदीफिदी ऐकू आलं. पेठेला दोन बाजू असतात, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं. तो तडक मागं वळला, आणि वळल्याबरोबर आधी उजव्या हाताला असलेली दुकानंही हसायला लागली.

मग हिरामणनं पेठ सोडली आणि किनारा धरला. लांबचा वळसा, पण वाट नामी होती: मिशीची बाजू गावाकडे, सफाचट बाजू समुद्राकडे. समुद्र काय हसणार? त्यानं मेण लावलेल्या टोकाला पीळ दिला आणि सावकाश, ऐटीत चालू लागला. माडांखाली बसलेल्या दोन माणसांनी उठून नमस्कार केला. त्यानं मान डोलावली.

तेवढ्यात भरतीवर आत येणाऱ्या होडीतून दादू कोळ्यानं वल्हं थांबवलं, तोंडाला हात लावला, आणि पार कचेरीपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली:

"ओ शिरस्तेदार! मिशी कुठं गेली?"